दक्षिण ध्रुवापर्यंत पायी : हेन्री बॉवर्स

दक्षिण ध्रुवाची गोष्ट शाळेच्या भूगोलात दोन नावांत संपते. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी तेथे पहिला पोहोचला. त्यानंतर चौतीस दिवसांनी, १७ जानेवारी १९१२ रोजी, इंग्लंडचा कॅप्टन स्कॉट पोहोचला आणि परतीच्या वाटेवर साथीदारांसह मरण पावला. एकाला विजय मिळाला, दुसऱ्याला कीर्ती. स्कॉटबरोबर शेवटपर्यंत गेलेले चौघे कोण, हे मात्र परीक्षेत कोणी विचारीत नाही. त्या चौघांत एक ठेंगणा, लाल केसांचा, मोठ्या नाकाचा तरुण होता. त्याचे नाव हेन्री रॉबर्टसन बॉवर्स. तो 'रॉयल इंडियन मरीन' या सरकारी नौकादलाचा अधिकारी होता आणि त्या दलाचे मुख्य ठाणे होते आपल्या मुंबईची गोदी. ध्रुवाच्या इतिहासाचा एक धागा असा मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो. तो धागा धरूनच या माणसाच्या आयुष्याकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बॉवर्सचा जन्म २९ जुलै १८८३ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. वडील अलेक्झांडर बॉवर्स हे व्यापारी जहाजावरचे कप्तान. पूर्वेकडच्या समुद्रात त्यांचा जन्म गेला. १८६८ मध्ये ब्रह्मदेशातील भामो येथून चीनकडे जाणारी जुनी व्यापारी वाट पुन्हा चालू करता येईल का, हे पाहायला जी तुकडी गेली तिच्यात ते होते. हेन्री अगदी लहान असतानाच ते रंगूनला वारले. मागे आई एमिली, दोन मुली आणि हा एकुलता एक मुलगा. घरी बेताचेच. आईने मुलांना वाढवले, शिकवले आणि मुलाचे मन समुद्राकडे ओढते आहे हे पाहून त्याला अडवलेही नाही. नवऱ्याला समुद्रापलीकडच्या देशाने गिळले असताना मुलाला त्याच वाटेने जाऊ देणे सोपे नसणार. ज्या खटाव-माणातले कर्ते पुरुष पोटासाठी मुंबईला, पलटणीत नाही तर गलाईच्या धंद्यात देशोधडीला गेले, तेथल्या वाचकाला हे अधिक सांगायला नको.

१८९७ मध्ये तो 'वूस्टर' या शिकाऊ जहाजावर दाखल झाला. दोन वर्षांनी 'लॉक टॉरिडन' या चार डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजावर उमेदवार म्हणून लागला आणि त्या जहाजावरून त्याने पृथ्वीला वळसे घातले. शिडाच्या जहाजावरची उमेदवारी म्हणजे काय, याची आज कल्पना येणे कठीण. वादळात डोलकाठीवर चढायचे, गारठलेल्या हातांनी ओले शीड गुंडाळायचे, आणि खाली उतरल्यावर पुन्हा सामानाची मोजदाद. पुढे ज्या तीन गोष्टींसाठी त्याचे नाव झाले ती थंडीची बेफिकिरी, हातातले कसब आणि सामानाचा चोख हिशेब ही तिन्ही येथलीच कमाई.

१९०५ मध्ये तो रॉयल इंडियन मरीनमध्ये सबलेफ्टनंट झाला. हे दल म्हणजे हिंदुस्थान सरकारचे समुद्रावरचे हात-पाय. फौजा वाहून नेणे, किनाऱ्याची मोजणी करणे, नद्यांवर गस्त घालणे ही त्याची कामे. आजच्या भारतीय नौदलाची वंशावळ या दलातूनच जाते. बॉवर्सच्या वाट्याला ब्रह्मदेशातील इरावती नदी आली. ज्या नदीच्या काठाने बाप चाळीस वर्षांपूर्वी भामोला गेला होता, त्याच नदीवर मुलगा सरकारी बोट चालवू लागला. पुढे इराणच्या आखातात चोरट्या बंदुकांच्या व्यापाराला पायबंद घालणाऱ्या 'फॉक्स' या युद्धनौकेवर त्याने काम केले. आईला तो लांबलचक पत्रे लिहीत असे आणि आज त्याच्या आयुष्याविषयी जे कळते त्यातले पुष्कळसे त्या पत्रांमुळेच.

येथे एक प्रश्न मनात येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हा माणूस परक्या सरकारचा चाकर होता. इरावतीवरच्या त्या बोटी ब्रह्मदेश ताब्यात ठेवण्यासाठीच होत्या. त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, याच सरकारच्या पोलिसांनी आपल्या वडूजच्या कचेरीवर आलेल्या मोर्चावर गोळ्या झाडल्या आणि परशुराम घार्गे यांच्यासह आपली माणसे हातात तिरंगा घेऊन पडली. मग या गावच्या अंकात बॉवर्स कशाला? मला वाटते, साम्राज्याचा निशाण वेगळा आणि तो खांद्यावर वाहणारा माणूस वेगळा. बॉवर्सला आपल्या साम्राज्याबद्दल शंका नव्हती. त्या काळच्या त्याच्या जातकुळीच्या बहुतेकांना नव्हती. तो दोष त्याच्या पदरी राहू द्यावा आणि मग त्याने काय केले ते पाहावे.

१९१० साली स्कॉटची दुसरी दक्षिण मोहीम निघायची होती. आठ हजारांच्या आसपास अर्ज आले होते. बॉवर्सला स्कॉटने पाहिलेही नव्हते. परंतु इंग्लंडमधील भूगोल संस्थेचे जुने अध्यक्ष सर क्लेमंट्स मार्कहॅम यांनी शब्द टाकला आणि मुलाखतीवाचून त्याची निवड झाली. मोठ्यांची शिफारस आपल्याकडे बदनाम आहे, पण ही एक शिफारस फळली म्हणायची! लंडनच्या गोदीत 'टेरा नोव्हा' जहाजावर आल्याबरोबर हा गृहस्थ उघड्या झाकणातून एकोणीस फूट खाली, तळाशी रचलेल्या बिडाच्या लगडींवर पडला आणि काहीच न झाल्यासारखा उठून कामाला लागला. त्याची उंची पाच फूट चार इंच, अंग गोल, नाक पोपटासारखे. खलाशांनी त्याचे नाव 'बर्डी' म्हणजे पाखरू ठेवले. पहिल्या भेटीत स्कॉटलाही तो काही विशेष वाटला नव्हता.

मुळात त्याने जहाजावरच राहायचे होते, सामानसुमानाचा अधिकारी म्हणून. पण न्यूझीलंडला पोहोचेपर्यंत स्कॉटच्या ध्यानात आले की कोणती पेटी जहाजात कोठे आहे, हे या एका माणसाला झोपेतून उठवले तरी सांगता येते. त्याला किनाऱ्यावरच्या तुकडीत घेण्यात आले. डिसेंबर १९१० मध्ये दक्षिण समुद्रातील वादळात पंप तुंबले आणि जहाज बुडायची वेळ आली, तेव्हा बादल्यांनी पाणी उपसणाऱ्यांत आणि अंधारात पंपाच्या तळाशी उतरून कोळशाचा गाळ काढणाऱ्यांत तो होता. ४ जानेवारी १९११ रोजी जहाज केप इव्हान्स येथे लागले.

पुढच्या उन्हाळ्यात ध्रुवाकडे जायचे तर वाटेत अन्नाच्या कोठ्या आधीच भरून ठेवायला हव्यात. त्या प्रवासात १७ फेब्रुवारी १९११ रोजी 'एक टन कोठी' ७९ अंश २९ मिनिटांवर उभी राहिली. ती ठरली होती ८० अंशांवर. तट्टे थकली म्हणून स्कॉटने सुमारे ५७ किलोमीटर अलीकडेच थांबायचे ठरवले. दुबळी तट्टे मारून पुढे जावे, असे घोडदळातला कॅप्टन ओट्स म्हणत होता. हा ओट्सही हिंदुस्थानातूनच आलेला, इंदूरजवळच्या महूच्या छावणीतून. त्याचे ऐकले गेले नाही. ते ५७ किलोमीटर वाचकाने लक्षात ठेवावेत.

परतताना १ मार्चच्या पहाटे बॉवर्स, चेरी-गॅरार्ड आणि क्रीन हे तिघे चार तट्टांसह गोठलेल्या समुद्रावर तंबू ठोकून झोपले असता खालचा बर्फ फुटला. बॉवर्स तंबूबाहेर आला तेव्हा चहूकडे काळे पाणी, तरंगणारे तुकडे, आणि एक तट्टू नाहीसे झालेले. सहा तास हे तिघे तुकड्यावरून तुकड्यावर उड्या मारीत, तट्टांना आणि घसरगाड्यांना ओढत किनाऱ्याच्या बर्फाकडे सरकत राहिले. भोवती शिकारी देवमासे डोकी वर काढून पाहत होते. क्रीन मदत आणायला गेला; स्कॉट आला आणि त्याने सामान सोडून जीव वाचवण्याचा हुकूम केला. बॉवर्सने हुजत घालून आधी सामान वर चढवले. तट्टांपैकी एकच वाचले. आपले लाडके तट्टू देवमाशांच्या तोंडी जाऊ नये म्हणून त्याला स्वतःच्या हाताने कुदळीने मारावे लागले. वरिष्ठाचा हुकूम त्याने मनापासून मानला नाही, असा हा त्याच्या चरित्रातला विरळा प्रसंग, आणि तोही सामान वाचवण्यासाठी!

त्या हिवाळ्यात त्याने जे केले, ते मला प्रत्यक्ष ध्रुवावर जाण्याहून मोठे वाटते. सम्राट पेंग्विन हा पक्षी दक्षिणेकडच्या ऐन हिवाळ्यात, अहोरात्र अंधार असताना अंडी घालतो. त्या अंड्यांतील गर्भ पाहिला तर पक्षी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून कसे निपजले, याचा पुरावा मिळेल, अशी त्या वेळच्या शास्त्रज्ञांची समजूत होती. डॉ. विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड २७ जून १९११ रोजी केप क्रोझियरकडे निघाले. अंतर एका बाजूने शंभर किलोमीटरच्या थोडे वर. साडेसातशे पौंडांचे ओझे दोन गाड्यांवर. बर्फ वाळूसारखा झाला होता; गाड्या एकदम ओढवेनात. मग एक गाडी पुढे न्यायची, मेणबत्तीच्या उजेडात आपल्याच पावलांवरून मागे यायचे, दुसरी न्यायची. दिवसभर मरमर करून दीड-दोन मैल पदरात. पारा उणे ६० अंश सेल्सियसच्याही खाली गेला. घाम कपड्यांत गोठे, आणि बाहेर आल्यावर मान ज्या दिशेला वळलेली असेल त्या दिशेला कपडा कडक होऊन बसे.

अशा स्थितीतही बॉवर्स झोपत असे, घोरत असे आणि वेळच्या वेळी तापमान टिपत असे. आतले पिसांचे जादा अस्तर त्याने वापरलेच नाही. शेवटी ते चेरी-गॅरार्डला देऊन टाकले. केप क्रोझियरला पाच अंडी मिळाली, दोन वाटेतच फुटली. दोन दिवसांनी वादळ आले आणि तंबू उडाला. परतीच्या वाटेवर तंबू नसणे म्हणजे मरण. दगडी भिंतीच्या खोपटाचे कापडी छप्परही फाटले आणि तिघेही झोपायच्या पिशव्यांत बर्फाखाली दोन दिवस पडून राहिले. वारा पडल्यावर बॉवर्स उतारावरून खाली गेला, आणि तेथे तंबू पडलेला! त्यानंतर रोज रात्री तंबूचे टोक दोरीने स्वतःला बांधून तो झोपू लागला. तंबू गेलाच तर आपल्याला घेऊन जाईल, असा साधा हिशेब! १ ऑगस्टला तिघे परत पोहोचले. त्या तीन अंड्यांवरचा अहवाल १९३४ मध्ये निघाला आणि त्यांतून मोठे काही सिद्ध झाले नाही. गर्भ पाहून वंशाचा इतिहास वाचता येतो, हा विचारच तोवर शास्त्राने मागे टाकला होता. चेरी-गॅरार्डने पुढे १९२२ मध्ये या प्रवासावर लिहिलेले पुस्तक जगभर वाचले गेले. बॉवर्सचा खरा परिचय जगाला त्यातूनच झाला.

१ नोव्हेंबर १९११ रोजी मुख्य मोहीम निघाली. सारी आखणी चौघांच्या तुकडीची. तंबू चौघांचा, भांडी चौघांची, शिध्याच्या पिशव्या चौघांच्या. माणशी रोज १६ औंस बिस्किटे, १२ औंस पेमिकन म्हणजे चरबी घातलेले वाळके मांस, थोडे लोणी, साखर, कोको, चहा. सामानाचा कारभार बॉवर्सकडेच होता. बर्फाच्या पठारावर ३१ डिसेंबरला स्कॉटने दुसऱ्या तुकडीला स्की, म्हणजे बर्फावर घसरत चालायच्या लाकडी पट्ट्या, मागे ठेवायला सांगितल्या. ती तुकडी परत फिरणार असाच सगळ्यांचा समज. त्या तुकडीत बॉवर्स होता. आणि ३ जानेवारीला स्कॉटने जाहीर केले की ध्रुवावर चौघे नव्हे, पाच जण जातील, पाचवा बॉवर्स.

निर्णय का बदलला? दिशा आणि स्थान काढणारा माणूस हवा होता, हे एक कारण. आणखीही कारणे अभ्यासक देतात. पण चौघांच्या शिध्यात पाचवा शिरला म्हणजे स्वयंपाकाला वेळ आणि रॉकेल जास्त लागणार, पिशव्या सोडून पुन्हा वाटण्या कराव्या लागणार, आणि परत फिरलेल्या तिघांच्या वाट्याचे नीट वेगळे निघणे कठीण होणार, हे ज्याच्या हातून सारे सामान गेले त्याच्याइतके कोणाला कळत असेल? तो काही बोलल्याची नोंद नाही. त्याला आनंदच झाला होता. निष्ठेचा हा गुण होता आणि येथे, माझ्या मते, तोच दोषही ठरला. अमुंडसेनच्या तुकडीत कुत्री होती, अनुभवी स्कीवाले होते, आणि शिध्यात भरपूर सढळपणा होता. स्कॉटकडे बॉवर्ससारखी माणसे होती आणि बेरीज नेमकी जेमतेम.

ध्रुव अजून सुमारे २७० किलोमीटर होता. चौघे स्कीवर, आणि त्यांच्याबरोबर हा आखूड पायांचा माणूस साध्या बुटांनी बर्फात रुतत, गाडी ओढत. मागे ठेवलेल्या पट्ट्या जानेवारीअखेर परतताना हाती लागेपर्यंत सहाशे किलोमीटरांहून जास्त वाट त्याने अशी तुडवली. दिवसभर ओढून झाल्यावर बाकीचे पाठ टेकीत, तेव्हा हा थिओडोलाइट लावून सूर्याचा वेध घेई, आकडेमोड करी, हवामान लिही. १६ जानेवारीला क्षितिजावरचा ठिपका आधी त्यालाच दिसला. जवळ गेल्यावर तो काळा निशाण निघाला, आणि भोवती कुत्र्यांच्या पंजांचे ठसे. अमुंडसेन येऊन गेला होता. ध्रुवावरचे ते प्रसिद्ध छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. पाच माणसे, कोणाच्याही तोंडावर हसू नाही. त्यांत बसलेल्या बॉवर्सच्या हातात एक दोरी आहे. ती कॅमेऱ्याला बांधलेली आहे. ते छायाचित्र त्याने स्वतःच घेतलेले.

परतीची कथा थोडक्यात सांगतो. १७ फेब्रुवारीला बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी एडगर इव्हान्स गेला. मार्चमध्ये थंडी अंदाजापेक्षा फार वाढली. कोठ्यांतले रॉकेल कमी भरू लागले. डब्यांच्या बुचांना कातड्याचे वायसर होते, ते थंडीने आकसले आणि रॉकेल उडून गेले, असे मानतात. ज्यांच्या घरी प्रायमस स्टोव्ह होता त्यांना वायसर गेल्यावर काय होते ते ठाऊक आहे. तेथे त्याची किंमत जीव होती, कारण बर्फ वितळवल्याशिवाय पिण्याला थेंबही नाही. पाय सडलेला ओट्स मार्चच्या मध्यास तंबूतून वादळात चालता झाला. उरलेले तिघे त्यानंतर एक टन कोठीपासून सुमारे वीस किलोमीटरांवर अडकले. ठरल्या जागी कोठी असती, तर ती त्यांना आधीच लागून गेली असती. विल्सन आणि बॉवर्स रॉकेल आणायला जाणार होते. वादळाने जाऊ दिले नाही. स्कॉटची शेवटची नोंद २९ मार्चची आहे. बॉवर्सने आईला अखेरचे पत्र लिहिले. तेव्हा त्याला एकोणतिसावे वर्ष चालू होते.

शोधायला गेलेल्या तुकडीत हिंदुस्थान होताच. सरकारने सिमल्याकडे शिकवून तयार केलेली सात खेचरे पाठवली होती. नावे लालखान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी, खानसाहेब. दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर ही नावे हाकारली गेली, हे वाचताना मला गंमतही वाटते आणि वाईटही. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी बर्फातून वर आलेले तंबूचे टोक दिसले. विल्सन आणि बॉवर्स पिशव्यांची तोंडे बंद करून झोपल्यासारखे पडले होते. तंबू त्यांच्यावरच पाडून वर बर्फाची रास घातली गेली आणि तुकडीतल्या ट्रिग्वे ग्रान या नॉर्वेच्या तरुणाने आपल्या स्कींचा क्रूस त्यावर उभा केला.

तंबूत काय सापडले? रोजनिश्या, पत्रे, छायाचित्रांच्या फिल्मा, बॉवर्सची हवामानाची वही. आणि ३५ पौंड दगड. मरणाच्या दारात असलेल्या माणसांनी सोळा किलो दगड शेवटपर्यंत ओढले होते. टीकाकार याला मूर्खपणा म्हणतात. १९१४ मध्ये केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांनी त्यांतल्या पानांचे ठसे ओळखले. ते होते ग्लॉसोप्टेरिसचे. ही लुप्त वनस्पती आपल्याकडे चंद्रपूर, नागपूर भागातल्या कोळशाच्या थरांत सापडते. त्या थरांना 'गोंडवाना' हे नाव मिळाले ते गोंडांच्या मुलखावरून. अंटार्क्टिकावरही तेच झाड! दक्षिणेकडचे सगळे खंड एके काळी एकमेकांना जोडलेले होते, या विचाराला त्या दगडांनी मोठा आधार दिला. वहीचेही तसेच. ८९ वर्षांनी, २००१ मध्ये, अमेरिकन शास्त्रज्ञ सुसान सॉलोमन यांनी त्या मोहिमेचे तापमानाचे आकडे आताच्या स्वयंचलित केंद्रांच्या आकड्यांशी ताडून पाहिले आणि १९१२ चा मार्च नेहमीपेक्षा खरोखरच फार थंड होता, असे दाखवले. वाद अजून चालू आहेत. पण ते घालायला आकडे मिळाले, कारण थकलेला एक माणूस ते रोज लिहीत होता.

आपल्या देशाची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. पुढे दक्षिण गंगोत्री, १९८९ पासून मैत्री आणि २०१२ पासून भारती ही ठाणी झाली. तेथेही रोजचे मोठे काम म्हणजे तापमान, वारा, बर्फ यांची नोंद. अंटार्क्टिकाच्या व्हिक्टोरिया लँड भागात एका पर्वतरांगेला बॉवर्सचे नाव आहे. त्याचा तंबू मात्र ठेवला तेथे नाही. तो ज्या बर्फाच्या पठारावर पाडला गेला ते सारे पठार हळूहळू समुद्राकडे सरकते आहे, आणि वर दरवर्षी नवा बर्फ साचतो आहे.